फरशी बसण्याआधी भांड्याखालचा सांधा पाहा

एप्रिलमधली जयंती जवळ आली की वस्तीत घराघरांतून कामे निघतात. भिंतीला रंग, दाराला नवी कडी आणि भिशीचे पैसे हाताशी असतील तर मोरी-संडासाला टाइल. अलीकडे त्यात आणखी एका कामाची भर पडली आहे. आई-वडिलांचे गुडघे दुखतात, त्यांना उकिडवे बसवत नाही, म्हणून जुने बैठे भांडे काढून कमोड बसवायचा. काम गरजेचे आहे आणि चांगलेही आहे. पण सगळ्यांचे लक्ष असते टाइलच्या रंगाकडे. ज्या चार इंचांच्या सांध्यावर घराचे आरोग्य अवलंबून आहे, तो मात्र कोणी न पाहता सिमेंटखाली गाडला जातो. या वेळी आम्ही त्या सांध्याविषयीच लिहीत आहोत.

सांधा म्हणजे काय?

कमोडच्या बुडाशी एक तोंड असते. ते जमिनीतून किंवा भिंतीतून आलेल्या मैल्याच्या पाइपाला मिळते. हे दोन जिथे मिळतात तो सांधा. अमेरिकेत पाइपाच्या तोंडावर फ्लँज नावाची गोल कडी फरशीला पक्की करतात, तिच्यावर मेणाचे कडे ठेवतात आणि कमोड त्या फ्लँजलाच बोल्टने आवळतात. आपल्याकडे बहुधा रबरी गास्केट असलेला पॅन कनेक्टर वापरतात. बैठ्या भांड्याला खाली वेगळा ट्रॅप असतो आणि त्याचा सांधा ताग व सिमेंट भरून करतात. पद्धती वेगळ्या असल्या तरी गरज एकच आहे: मैल्याचे पाणी सगळेच्या सगळे पाइपात जावे आणि पाइपातला वायू घरात येऊ नये.

वायू अडवण्याचे अर्धे काम भांड्याच्या वाकड्या नळीत साठलेले पाणी करते. त्याला वॉटर सील म्हणतात. कमोडमध्ये हा थर साधारण ५० मिलिमीटर, म्हणजे दोन इंच असतो. १७७५ साली अलेक्झांडर कमिंग या घड्याळजीने इंग्रजी एस अक्षरासारख्या वाकड्या नळीच्या संडासाचे पेटंट घेतले. आजचा कमोडही त्याच तत्त्वावर चालतो. पण हा थर भांड्याच्या आत असतो. सांधा त्याच्या पलीकडे. सांधा उघडा राहिला तर वायू त्या थराला वळसा घालून थेट खोलीत येतो, मग फिनाइलच्या कितीही बाटल्या ओता.

नुसत्या वासाचा प्रश्न नाही

वास सहन करायची आपल्याला सवय झाली आहे. मोठा धोका पाण्याचा आहे. वस्तीत नळाला दिवसभर पाणी नसते. तास-दोन तास येते आणि जाते. पाणी गेले की नळाचा पाइप रिकामा होतो आणि कधी कधी त्यात उलटी ओढ तयार होते. त्या पाइपाला कुठे चीर असेल, जोड सैल असेल, तर आजूबाजूची घाण आत ओढली जाते. दुसऱ्या दिवशी पाणी आले की पहिल्या हंड्यात तीच घाण येते. आपल्या गल्ल्यांत नळाचा पाइप आणि संडासाचा पाइप हातभर अंतरावरूनही जातात. म्हणून संडासाचा गळका सांधा हा आपल्या आणि शेजाऱ्याच्या पिण्याच्या पाण्याचा प्रश्न आहे. जुलाब, कॉलरा, टायफॉइड आणि दूषित पाण्यातून होणारी कावीळ मैला पाण्यात मिसळल्यानेच पसरतात. त्यात सगळ्यात आधी आजारी पडतात ती लहान मुले. गरोदर बाईला ई प्रकारची कावीळ झाली तर जिवावर बेतू शकते.

शिवाय आपली घरे एका भिंतीची. आपल्या संडासाची ओल शेजारणीच्या स्वयंपाकाच्या ओट्यामागे उमटते. मग भांडण भिंतीवरून होते आणि दोष सांध्याचा असतो.

नवी फरशी आणि खाली गेलेले तोंड

दुरुस्तीत सर्वांत जास्त होणारी चूक उंचीची आहे. तोडफोड वाचवायची म्हणून जुन्या फरशीवरच नवी टाइल बसवतात. मसाला आणि टाइल मिळून फरशी इंचभर वर येते. पाइपाचे तोंड मात्र जिथल्या तिथे राहते, म्हणजे नव्या फरशीच्या इंचभर खाली. कमोड ठेवला की त्याचे तोंड पाइपापर्यंत नीट पोहोचत नाही. मग मधली फट सिमेंटच्या गोळ्याने भरतात. सिमेंट आणि चिनी माती एकमेकांना कायमचे धरत नाहीत. माणूस बसतो, उठतो, भांडे केसभर हलते आणि तिथे चीर पडते.

अमेरिकेतही नवी फरशी घातल्यावर फ्लँज खाली राहिला की हेच होते. तिथे फ्लँजवर जादा कडी चढवून तो फरशीच्या वर आणतात. आपल्याकडे उपाय सोपा आहे. फरशी बसण्याआधीच पाइपाला कपलर लावून तुकडा जोडावा, जोडाला पाइपाचे सोल्यूशन लावावे आणि तोंड तयार फरशीच्या पातळीला किंवा पाव इंच वर आणावे. खाली मात्र ठेवू नये.

दुसरी चूक मापाची. जमिनीत तोंड असलेला कमोड एस-ट्रॅपचा. बाजारात तो साधारण ४, ९ आणि १२ इंचांच्या मापात मिळतो. हे माप भिंतीपासून पाइपाच्या मध्यापर्यंतचे आणि ते टाइल लागलेल्या भिंतीपासून धरायचे असते. उघड्या विटेपासून मोजले तर टाइल लागल्यावर इंचभर कमी भरते आणि कमोड भिंतीला अडतो. भिंतीत तोंड असलेला तो पी-ट्रॅपचा. त्याच्या तोंडाचा मध्य तयार फरशीपासून साधारण १८० मिलिमीटर, म्हणजे सात इंचांवर येतो. म्हणून आधी माप घ्यावे आणि मग दुकानात जावे. स्वस्तात मिळाला म्हणून आधी कमोड आणला की पाइप वाकवण्याची कसरत सुरू होते.

तिसरी चूक जुन्या ट्रॅपची. बैठ्या भांड्याखाली वेगळा ट्रॅप असतो. कमोडच्या पोटात स्वतःचा ट्रॅप असतो. जुना ट्रॅप खाली तसाच ठेवून वर कमोड बसवला तर एका मागे एक दोन ट्रॅप होतात, मध्ये हवा अडकते, पाणी हळू उतरते आणि संडास वारंवार तुंबतो. जुना ट्रॅप काढून तिथून सरळ पाइप घ्यायला सांगावे.

काम कसे करून घ्यावे

पहिल्या दिवशी पाण्याची पिंपे आणि हंडे झाकून दुसऱ्या खोलीत न्यावेत. मुलांना तिकडे फिरकू देऊ नये. भांडे फोडणाऱ्या कामगाराला रबरी हातमोजे आणि बूट द्यावेत. चिनी मातीची कपची सुरीसारखी कापते आणि त्या जखमेत मैला जातो. जखम झालीच तर साबणाने धुऊन धनुर्वाताच्या इंजेक्शनसाठी दवाखान्यात पाठवावे.

जुने भांडे निघाले की लगेच पाइपाच्या तोंडात गोणपाटाचा बोळा घट्ट बसवावा. बोळ्याला सुतळी बांधून तिचे टोक बाहेर ठेवावे. त्यामुळे वायू येत नाही, विटांचे तुकडे आणि सिमेंट आत पडत नाही आणि कमोड बसवताना बोळा विसरला जात नाही. उघड्या तोंडाजवळ विडी-काडी पेटवू नये, कारण मैल्याच्या वायूत पेट घेणारा मिथेन असतो.

पाइप चार इंची, म्हणजे ११० मिलिमीटरचा असावा. त्याला दर फुटाला पाव इंच उतार असावा. उतार नसेल तर मैला साचतो. उतार फारच जास्त असेल तर पाणी पुढे पळते आणि मैला मागे राहतो.

कमोड बसवताना रबरी गास्केटला साबणाचे पाणी लावावे. तेल लावू नये, तेलाने रबर खराब होऊ शकते. कमोड सरळ वरून खाली दाबावा, डावी-उजवीकडे हलवत बसवू नये. फरशीला भोके पाडून, गिट्टी घालून तो स्क्रूने आवळावा. एक स्क्रू पूर्ण आवळून मग दुसऱ्याकडे जाऊ नये. दोन्ही आळीपाळीने थोडे थोडे आवळावेत, नाहीतर भांड्याला तडा जातो. पाणसळ ठेवून पातळी पाहावी. कमोड डुगडुगत असेल तर खाली पातळ पट्टी घालावी. डुगडुगणारा कमोड आज ना उद्या सांधा तोडतोच.

अख्खे बूड सिमेंटमध्ये गाडून घेऊ नये. पुढे काही बिघडले तर कमोड फोडूनच काढावा लागतो. कडेने पांढरे सिमेंट किंवा सिलिकॉन भरावे, पण मागच्या बाजूला दोन बोटे जागा मोकळी सोडावी. सांधा गळू लागला तर पाणी तिथून बाहेर दिसते. चारी बाजूंनी बंद केले तर तेच पाणी फरशीखाली मुरत राहते आणि आपल्याला कळते तेव्हा भिंत फुगलेली असते.

नवा पाइप घालताना हवेचा पाइप विसरू नये. तो छपराच्या वर न्यावा आणि तोंडाला बारीक जाळी बांधावी. वायू वर निघून जातो, वॉटर सील ओढला जात नाही आणि टाकीत वाढणारे डास बाहेर येत नाहीत.

निळीची परीक्षा

सर्वांत महत्त्वाचे काम फरशी बसण्याआधीचे. सगळे पाइप जोडले, जोड वाळले की चेंबरकडचे तोंड बोळ्याने घट्ट बंद करावे. वरून पाइप पाण्याने भरावा आणि पाण्याच्या पातळीला खडूने खूण करावी. अर्धा तास थांबावे. पातळी उतरली तर कुठेतरी गळती आहे. ती शोधून, दुरुस्त करून पुन्हा भरावे. उतरली नाही तरच मसाला टाकू द्यावा.

कमोड बसल्यावर दुसरी परीक्षा. बादलीभर पाण्यात कपड्यांची नीळ कालवावी आणि पाच-सहा वेळा ओतावी. बुडाशी जुना वर्तमानपत्राचा कागद दाबून पाहावा. निळा डाग आला तर सांधा गळतो. ही परीक्षा होईपर्यंत कामाचा शेवटचा हप्ता हातात ठेवावा. चांगला कारागीर याला हरकत घेत नाही. त्याच्या कामाची ती पावतीच असते.

जुन्या संडासातही काही खुणा पाहता येतात. धुऊनही वास राहतो, बुडाशी झुरळे दिसतात, पाणी ओतल्यावर कडेला ओल येते, टाइलच्या फटी काळ्या पडतात, मागच्या भिंतीचा रंग सुटतो. यातले काहीही दिसले तर वरून एम-सील थापू नये, सांधा उघडून पाहावा. गावी आठ-पंधरा दिवस जाणार असाल तर निघताना भांड्यात बादलीभर पाणी ओतून वर दोन चमचे खाद्यतेल सोडावे. पाणी लवकर आटत नाही आणि परतल्यावर घरात वायू भरलेला नसतो.

पलीकडच्या टोकाला माणूस आहे

सांध्यातून आत पडलेले सिमेंट, विटेचा तुकडा, विसरलेला बोळा पुढे जाऊन पाइप किंवा चेंबर तुंबवतो. गळकी टाकी पावसाळ्यात आजूबाजूच्या पाण्याने भरते. मग कोणीतरी म्हणते, एका माणसाला आत उतरवू. तो माणूस कोणत्या समाजाचा असतो हे आपल्याला कोणी सांगायला नको. टाकीतला हायड्रोजन सल्फाइड जास्त झाला की नाकाला त्याचा वासही कळेनासा होतो, आणि दोन-तीन श्वासांत माणूस कोसळू शकतो. त्याला वाचवायला उतरलेला दुसराही तिथेच राहतो.

२०१३ च्या कायद्याने गटार आणि सेप्टिक टाकीची धोकादायक सफाई माणसाकडून करून घेण्यास बंदी आहे. घरमालकालाही ती लागू आहे. अशा मृत्यूसाठी २०१४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने १० लाख रुपये भरपाई ठरवली आणि २० ऑक्टोबर २०२३ च्या निकालात ती ३० लाख केली. पण पैशाने माणूस परत येत नाही. टाकी दोन-तीन वर्षांनी नगरपालिकेच्या किंवा खासगी सक्शन गाडीनेच उपसून घ्यावी. पाचशे रुपयांत उतरतो म्हणणारा कोणी आला तरी त्याला उतरू देऊ नये.

घराचे काम काढताना टाइलचा रंग घरातल्या सगळ्यांनी मिळून निवडावा, त्यात आनंद आहे. पण ज्या दिवशी पाइप जोडला जाईल त्या दिवशी घरातल्या एका जाणत्या माणसाने, मग ती आई असो, सून असो की कॉलेजात जाणारी मुलगी, कामावरून सुट्टी घेऊन तिथे उभे राहावे. खडूची खूण आपल्या हाताने करावी आणि अर्ध्या तासाने ती पाहूनच मसाला कालवायला सांगावे.