सान क्लेमेन्तेच्या भिंतीवरील बोली

रोममधील सान क्लेमेन्ते हे चर्च वस्तुतः एकावर एक अशा तीन वास्तूंचे आहे. आज उपासना चालते ती वास्तू बाराव्या शतकाच्या आरंभीची. तिच्याखाली चौथ्या शतकातील चर्च, आणि त्याच्याही तळाशी रोमन काळातील इमारती व मिथ्र देवतेचे उपासनास्थान. वरच्या चर्चमधील कुट्टिमचित्र सर्वच प्रवासी पाहतात. भाषेच्या अभ्यासकाने मात्र मधल्या थरात उतरावे.

अकराव्या शतकात मधले चर्च जीर्ण झाले होते. खांबांना आधार म्हणून त्यांच्यामधील जागा बांधकामाने भरण्यात आली आणि त्या नव्या पृष्ठभागांवर शतकाच्या अखेरीस भित्तिचित्रे रंगविली गेली. पुढे हे चर्च भराव घालून बुजविण्यात आले. १०८४ मधील नॉर्मन लुटीकडे त्याचे कारण म्हणून बोट दाखवितात; परंतु परिसराची वाढलेली जमीन व खचती इमारत हे कारण अधिक सयुक्तिक वाटते. नव्या चर्चच्या जमिनीने वरच्या ओळीतील आकृतींची मस्तके कापली, पण खालची चित्रे वाचविली. १८५७ मध्ये जोसेफ मुल्लूली या आयरिश डोमिनिकन धर्मगुरूने उत्खनन आरंभिले, तेव्हा ती पुन्हा उजेडात आली.

त्यांपैकी एका चित्रात सिसिनियस हा रोमन अधिकारी संत क्लेमेन्तेला पकडून नेण्यास सेवकांना फर्मावतो. सेवक भ्रमिष्ट होऊन संताऐवजी एक दगडी खांबच ओढीत आहेत. पात्रांचे उद्गार त्यांच्याशेजारीच लिहिलेले आहेत. संताच्या वाट्याला लॅटिन आली आहे. सिसिनियस मात्र ‘फिली दे ले पुते, त्राइते’ अशी शिवी हासडतो. रांडेच्यांनो, ओढा, असा त्याचा अर्थ. चर्चच्या भिंतीवर ही भाषा!

शिवीपेक्षा तिची रचना महत्त्वाची आहे. अभिजात लॅटिनमध्ये येथे केवळ षष्ठीचा प्रत्यय पुरेसा होता. येथे त्याची जागा ‘दे’ या शब्दयोगी अव्ययाने घेतली असून पुढे ‘ले’ हे उपपदही आले आहे. असे उपपद लॅटिनला ठाऊकच नव्हते. पुढील ‘को लो पालो’ (वाशाने) या शब्दांतही तृतीयार्थ याच रीतीने व्यक्त झाला आहे. इटालियनच्या प्राचीनतम लेखांत या ओळींची गणना होते ती यामुळेच.

संताची लॅटिनही निर्दोष नाही. ‘वेस्त्री’ हवे तेथे ‘वेस्त्रिस’ आहे, आणि ‘त्राहेरे’मधील हकार गळून ‘त्राएरे’ उरले आहे. हे क्रियापद सिसिनियसच्या ‘त्राइते’चेच होय.