झाशी : सनदेपासून अदलाबदलीपर्यंत

झाशीचे नाव उच्चारताच मराठी वाचकाच्या मनश्चक्षूंपुढे १८५७-५८ चे ते रणधुमाळीचे वर्ष उभे राहावे, हे स्वाभाविकच आहे. परंतु ज्या राज्याच्या रक्षणार्थ ते वर्ष खर्ची पडले ते राज्य कसे उभे राहिले, कोणत्या कागदांच्या आधारे टिकले, कोणत्या युक्तिवादाने बुडविले गेले, आणि तोफा थंडावल्यावर तेथील शहराची व रयतेची वासलात काय लागली, याचा सलग विचार आपल्याकडे क्वचितच झालेला आहे. १७४२ च्या सुमारास मराठ्यांचा अंमल तेथे बसला, आणि १८८६ मध्ये इंग्रज सरकार व शिंदे दरबार यांच्यातील अदलाबदलीने त्या शहराचे भवितव्य कायमचे ठरले. या सुमारे दीडशे वर्षांत झाशीवरील हक्क कागदोपत्री चार वेळा फिरले : १८१७, १८५४, १८६१ आणि १८८६ साली, आणि या चारांपैकी एकाही प्रसंगी तेथे राहणाऱ्या माणसांना कोणी विचारले नाही. त्यांना आपले मत एकदाच देता आले, आणि ते त्यांनी १८५८ च्या चैत्रात तटावर उभे राहून दिले. या दृष्टीने पाहिले म्हणजे झाशीचा इतिहास एका वीरांगनेचा तर आहेच, पण तो एका शहराचाही आहे, हे ध्यानी येते.

झाशीचा किल्ला मुळात मराठ्यांचा नव्हे. ओर्छ्याचा बुंदेला राजा वीरसिंह देव याने १६१३ मध्ये बंगरा नावाच्या खडकाळ टेकडीवर तो बांधला. पुढे महंमदखान बंगशाने छत्रसालास जैतपुरी कोंडले असता १७२९ मध्ये पहिले बाजीराव त्याच्या साह्यास धावून गेले, त्या उपकाराची फेड म्हणून वृद्ध राजाने आपल्या राज्याचा तिसरा हिस्सा पेशव्यांस दिला, आणि बुंदेलखंडात मराठ्यांचा पाय रोवला गेला. त्यानंतर सुभेदार म्हणून आलेले नारो शंकर हे केवळ वसुलीवर नजर ठेवणारे अंमलदार नव्हते. मालेगावचा भुईकोट आणि नाशकास गोदातीरी उभे असलेले घंटेचे देवालय ज्यांच्या नावाशी निगडित आहे, तेच हे नारो शंकर. झाशीस त्यांनी किल्ल्याचा विस्तार केला, त्या भागास शंकरगड हे नाव पडले, आणि ओर्छ्याकडील लोक आणवून किल्ल्याच्या पायथ्याशी नांदती पेठ वसविली. शहर म्हणून झाशीचा खरा जन्म हा असा झाला. १७५७ मध्ये पेशव्यांनी त्यांस परत बोलाविले.

पानिपतानंतर उत्तरेतील मराठी सत्तेची घडी विस्कटली होती. ती या टापूत पुन्हा बसविण्याचे काम रघुनाथ हरी नेवाळकर यांच्याकडे आले. नेवाळकरांचे मूळ कोकणातले. तेथून हे घराणे खानदेशात पारोळ्यास आणि पारोळ्याहून बुंदेलखंडात गेले. रघुनाथरावांनी सुमारे पाव शतक कारभार केला आणि अखेरीस तो धाकटे बंधू शिवरावभाऊ यांच्या हाती सोपविला. याच काळात झाशीस पुरोहित, कारकून, फडणीस, शिलेदार, सावकार अशी मराठी कुटुंबे स्थिर झाली. तलावाकाठी कुलस्वामिनी महालक्ष्मीचे देवालय उभे राहिले, तिच्या पूजेअर्चेसाठी गावे लावून देण्यात आली, आणि सणवार, श्राद्धपक्ष, हळदीकुंकू हे सारे कोकण-देशावरचे जीवन बुंदेली बोलीच्या शेजारी नांदू लागले. सुभेदारी ही वास्तविक हुजुरांच्या मर्जीवरची नेमणूक. पण तीन पिढ्यांच्या वास्तव्याने, बांधलेल्या विहिरींनी आणि लावलेल्या बागांनी ती वतनासारखी झाली. परक्या मुलखात आलेले लोक त्या मुलखाचे होतात ते अशा संथ क्रमाने, आणि पुढे ‘माझी झाशी’ असे म्हणण्याचा अधिकार ज्या घराण्याच्या सुनेने सांगितला, तो अधिकार या क्रमातूनच सिद्ध झालेला होता.

वसईच्या १८०२ च्या तहानंतर पेशव्यांची सत्ता ईस्ट इंडिया कंपनीच्या छायेखाली गेली, आणि बुंदेलखंडातील मराठी सुभेदारांना आपापली वाट शोधावी लागली. शिवरावभाऊंनी १८०४ मध्ये कंपनीशी मैत्रीचा करार केला. १८१७ च्या पुणे तहाने पेशव्यांचे बुंदेलखंडावरील सर्व हक्क कंपनीकडे गेले, आणि त्याच वर्षाच्या अखेरीस कंपनीने शिवरावभाऊंचे नातू रामचंद्रराव यांच्याशी नवा तह करून झाशीचे राज्य त्यांस, त्यांच्या वारसांस व उत्तराधिकाऱ्यांस वंशपरंपरा मान्य केले. १८३२ मध्ये लॉर्ड बेंटिंक यांनी झाशीस येऊन रामचंद्ररावांस राजा हा किताब दिला. सुभेदाराचा राजा झाला. परंतु ज्या हाताने मान मिळतो तोच हात तो काढूनही घेऊ शकतो, हे त्या समारंभाच्या दिवशी कोणाच्या मनात आले नसावे.

येथे क्षणभर दूरच्या एका भूमीकडे पाहणे उपयुक्त होईल. ज्या कंपनीने झाशीशी हे तह केले, तिचाच चहा १७७३ मध्ये बोस्टनच्या बंदरात अमेरिकेतील वसाहतवाल्यांनी समुद्रात फेकला होता. ज्या पार्लमेंटात आपला प्रतिनिधी नाही तिने आपल्यावर कर बसवू नये, एवढेच त्यांचे म्हणणे होते, आणि त्यातून तेरा वसाहतींचे स्वतंत्र राष्ट्र निर्माण झाले. १७८१ मध्ये यॉर्कटाऊन येथे त्यांच्यापुढे शरणागती पत्करणारा सेनापती लॉर्ड कॉर्नवॉलिस पाचच वर्षांनी गव्हर्नर जनरल होऊन हिंदुस्थानात आला, आणि त्याची समाधी आज गाझीपुरास गंगाकाठी आहे. अमेरिकेत इंग्रजांना जो प्रश्न ऐकावा लागला, तो विचारण्याची सोय बुंदेलखंडातील रयतेस नव्हती. तिच्या वतीने बोलायचे ते तहनाम्यांनी, आणि त्या तहनाम्यांचा अर्थ लावायचा तो कलकत्त्याने.

तो अर्थ कसा लागतो, याची चुणूक १८३५ मध्येच मिळाली. रामचंद्ररावांच्या निधनानंतर दत्तकाचा दावा बाजूस सारून कंपनीने त्यांचे चुलते रघुनाथराव यांस गादीवर बसविले. ते १८३८ मध्ये वारल्यावर धाकटे बंधू गंगाधरराव यांचा हक्क मान्य झाला, पण राज्य कर्जात असल्याच्या कारणावरून कारभार काही वर्षे कंपनीच्या अंमलदारांकडेच राहिला, आणि फौजेच्या खर्चासाठी मुलूख तोडून दिल्यावरच तो राजाच्या हाती आला. नाटकांचा शौकीन आणि ग्रंथसंग्रहाचा भोक्ता असा हा राजा. १८४२ मध्ये मोरोपंत तांबे यांच्या कन्येशी, म्हणजेच पुढे झाशीची राणी म्हणून गाजलेल्या लक्ष्मीबाईंशी, त्यांचा विवाह झाला. १८५१ मध्ये झालेला पुत्र काही महिन्यांतच दगावला. आणि मृत्यू समोर दिसू लागला तेव्हा २० नोव्हेंबर १८५३ रोजी, इंग्रज अधिकाऱ्यांच्या समक्ष, त्यांनी नात्यातील एक बालक यथाशास्त्र दत्तक घेतले आणि तसा खलिता लिहून दिला. दुसऱ्याच दिवशी त्यांचे देहावसान झाले.

यानंतरचे तीन-चार महिने ही झाशीची पहिली लढाई होय, आणि ती सर्वस्वी कागदावर लढली गेली. राणीने अर्जीमागून अर्जी धाडली. १८१७ च्या तहातील कलमे पुढे केली. शेजारच्या ओर्छा व दतिया संस्थानांत दत्तक मान्य झाल्याचे दाखले दिले. खुद्द झाशीचा इंग्रज अधिकारी मेजर एलिस यालाही ओर्छ्याच्या आणि झाशीच्या तहांत या बाबतीत भेद करण्याजोगे काही दिसले नाही. परंतु गव्हर्नर जनरल लॉर्ड डलहौसीने फेब्रुवारी १८५४ च्या अखेरीस असा निर्वाळा दिला की झाशी हे पेशव्यांच्या सुभेदाराचे, म्हणजे मांडलिक राज्य असून ते देणाऱ्याकडे परत जाते. आणि १८३५ साली दत्तकास डावलले गेले होते, तोच यास पूर्वाधार ठरविला. मार्चमध्ये राज्य खालसा झाले. राणीस दरमहा ५,००० रुपयांचे वेतन ठरले, त्यातून मृत राजाचे कर्ज वळते करण्याचा तगादा लागला, महालक्ष्मीच्या देवालयाची गावे जप्त झाली, आणि मांडलेली प्रत्येक तक्रार दप्तरदाखल झाली. जॉन लँग या वकिलास पाचारण करून तिने विलायतेपर्यंत दाद मागितली. तीही फुकट गेली. सनदशीर मार्ग तिने सोडला नव्हता. तो तिच्या पायांखालून काढून घेण्यात आला.

जून १८५७ चा इतिहास सुपरिचित आहे, म्हणून त्याचा उल्लेख थोडक्यातच करतो. ५ जूनला झाशीची पलटण उठली, आणि ८ जूनला किल्ल्यातून बाहेर पडलेल्या सुमारे ६० युरोपियनांची, त्यांत स्त्रिया आणि मुलेही होती, जोखनबागेत कत्तल झाली. हे कृत्य निंद्य होते, आणि ते निंद्य म्हणण्यात आपल्या अभिमानास कोठेही बाध येत नाही. राणीने त्या प्रकाराबद्दल सागरच्या कमिशनरास पत्रे लिहिली, आणि इंग्रज अंमल पुन्हा बसेपर्यंत तिने कारभार पाहावा असे त्याने कळविले. पुढील महिन्यांत करेरा बळकावून स्वतःस राजा म्हणविणाऱ्या सदाशिवरावाचा तिने बंदोबस्त केला आणि ओर्छ्याच्या फौजेने घातलेला वेढा उठविला. न्यायदान, वसुली, तोफांचे ओतकाम, धान्याचा साठा, हे सारे काम पाहणारा दरबार झाशीत पुन्हा नांदू लागला.

त्या दिवसांचे जवळून घेतलेले दर्शन आपणांस घडते ते पेण तालुक्यातील वरसईच्या विष्णुभट गोडसे यांच्यामुळे. ग्वाल्हेरच्या बायजाबाई शिंदे यांच्या यज्ञातील दक्षिणेच्या आशेने घर सोडलेले हे भिक्षुक फिरत फिरत झाशीस पोचले आणि वेढ्यात अडकले. थंडीने कुडकुडणाऱ्या याचकांना पाहून झाशीच्या बाईसाहेबांनी टोप्या, बंड्या आणि घोंगड्या वाटण्याचा हुकूम दिला, ही हकीकत ते ज्या साधेपणाने सांगतात, त्याच साधेपणाने भिंती फोडणाऱ्या गोळ्यांची, पाण्यासाठी होणाऱ्या तारांबळीची आणि शहर पडल्यावरच्या लुटीची व बिजनाची, म्हणजे सरसकट कत्तलीची, हकीकतही सांगतात. २१ मार्च १८५८ रोजी इंग्रज सेनापती सर ह्यू रोझ झाशीपुढे उभा राहिला. १ एप्रिलला सुमारे २०,००० फौजेनिशी मदतीस आलेल्या तात्या टोप्यांचा बेतव्याकाठी मोड झाला. ३ एप्रिलला तटावर शिड्या लागल्या. ४ एप्रिलच्या रात्री राणी किल्ल्याबाहेर पडली आणि जूनमध्ये ग्वाल्हेरजवळ धारातीर्थी पडली. वेढ्याच्या त्या दोन आठवड्यांत तोफांवर गुलाम गौसखानासारखे गोलंदाज होते, फौजेत बुंदेले, विलायती (अफगाण) व मराठे होते, आणि पडलेला तट रातोरात उभारण्यासाठी व दारूगोळा पोचविण्यासाठी शहरातील बायका राबत होत्या. ही गोष्ट शत्रूच्या सेनापतीनेही नमूद करून ठेवली आहे. ज्यांना एकाही तहात कोणी पुसले नव्हते त्यांनी आपले राज्य कोणते, याचे उत्तर असे दिले. त्याची किंमतही त्यांनाच मोजावी लागली : कत्तल चालली, घरे खणली गेली, आणि गंगाधररावांचा ग्रंथसंग्रह धुळीस मिळाला. गोडसेभट सर्वस्व गमावूनही आईवडिलांसाठी गंगेची कावड घेऊन घरी पोचले. त्यांनी लिहिलेला वृत्तांत चिंतामणराव वैद्यांनी १९०७ मध्ये प्रसिद्ध केला.

यानंतरचा काळ आपल्या ग्रंथांतून जवळजवळ वगळला गेला आहे, आणि तोच माझ्या मते अधिक मननीय आहे. १८६१ मध्ये झाशीचे शहर व किल्ला इंग्रजांनी शिंद्यांस देऊन टाकला, आणि जिल्ह्याचे ठाणे तटाबाहेर झाशी-नौआबाद येथे ठेवले. खेड्यांतून मात्र दुहेरी संकट उभे राहिले. बंडाच्या धामधुमीत ज्यांनी सारा एकदा राणीच्या किंवा ओर्छ्याच्या अंमलदारास भरला होता, त्यांच्यापैकी अनेकांकडून तो पुन्हा वसूल करण्यात आला. ठराविक मुदतीस रोख रक्कम मागणारी जमाबंदी आली. काळ्या जमिनीत कांस नावाचे तण माजले. १८६८-६९ चा दुष्काळ पडला. पूर्वी जमीन कसणाऱ्याची वहिवाट असे. आता तिला विक्रीयोग्य मालकीचे रूप आले, आणि त्यामुळे ती सावकाराच्या फिर्यादीवर लिलावात निघू लागली. अखेर कर्जबाजारी मालकांसाठी १८८२ मध्ये झाशीपुरता, आणि १९०३ मध्ये साऱ्या बुंदेलखंडासाठी, जमिनी हस्तांतरित होण्यास आळा घालणारे कायदे सरकारलाच करावे लागले.

याच दशकांत अमेरिकेतही यादवी युद्धानंतरची पुनर्रचना चालू होती. १८६५ ते १८७० या काळात तेथील राज्यघटनेत तीन दुरुस्त्या होऊन गुलामी नष्ट झाली, मुक्त झालेल्यांना नागरिकत्व मिळाले आणि मताधिकारात वर्णभेद निषिद्ध ठरला. महात्मा फुले यांनी १८७३ मध्ये ‘गुलामगिरी’ हा ग्रंथ अमेरिकेतील सदाचारी लोकांस अर्पण केला, तो गुलामांना दास्यमुक्त करण्याच्या त्यांच्या औदार्याबद्दल. परंतु मुक्त झालेल्यांना जमीन मिळाली नाही. पीक वाट्याने कसावे आणि दुकानदाराच्या उधारीत रुतावे, असे त्यांचे जिणे झाले, आणि १८७७ मध्ये फौजांचा आधार निघताच मताधिकारही हळूहळू हिरावला गेला. दोन्ही देशांतील कारणे भिन्न आहेत आणि दोन्ही युद्धांचे हेतूही भिन्न. तथापि तहानंतरच्या शांततेची कसोटी शेतकऱ्याच्या खातेवहीत लागते, एवढे सत्य उभयत्र सारखेच प्रत्ययास येते. तेथे निदान हक्क कागदावर लिहिले गेले, आणि पुढच्या पिढ्यांना त्यांचा आधार घेता आला. झाशीत तेवढेही घडले नाही.

१८८६ मध्ये ग्वाल्हेरचा किल्ला व मुरार शिंद्यांस परत देऊन इंग्रजांनी झाशी पुन्हा घेतली. लवकरच लोहमार्ग आला, कारखाना उभा राहिला, आणि शहर मोठे जंक्शन बनले. त्याच सुमारास, आपल्या नावे सरकारी खजिन्यात ठेवलेली पित्याची रक्कम परत न मिळालेले राणीचे दत्तकपुत्र दामोदरराव इंदुरास पेन्शनीवर दिवस कंठीत होते. १९०६ मध्ये ते तेथेच निवर्तले.

राणीचे चरित्र दत्तात्रय बळवंत पारसनीस यांनी १८९४ मध्ये लिहून मराठी इतिहासलेखनावर थोर उपकार केले. त्याच्या जोडीस आता झाशीच्या शहराचे आणि मुलखाचे चरित्र लिहिले गेले पाहिजे : नारो शंकरांनी वसविलेल्या पेठेपासून लिलावात निघालेल्या शेतापर्यंत. असे चरित्र राणीचे तेज कणभरही उणे करणार नाही. ती ज्यांच्यासाठी उभी राहिली त्यांची नावे, त्यांची घरे आणि त्यांचे पुढचे हाल आपणांस ठाऊक झाले, तरच तिच्या प्रतिज्ञेतील झाशी म्हणजे गादी नसून नांदते शहर होते, हे आपण प्रमाणानिशी म्हणू शकू.