आधी गुठळी मोडा, मग मोजा

पिठले करताना बेसन थेट उकळत्या पाण्यात टाकले, तर गुठळ्या होणारच. बाहेरून ओल्या, आत कोरडे पीठ. म्हणून जाणती मंडळी ते आधी गार पाण्यात कालवून घेतात. हीच अडचण आज शास्त्रज्ञांपुढे आहे. फरक एवढाच की, त्यांच्या पिठाचा कण नॅनोमीटरमध्ये, म्हणजे मीटरच्या अब्जाव्या भागात मोजावा लागतो.

वस्तू इतकी बारीक झाली, की वजनाच्या मानाने तिचा पृष्ठभाग अफाट वाढतो आणि कण एकमेकांना बिलगू लागतात. मायकेल फॅरडे यांनी लंडनच्या रॉयल इन्स्टिट्यूशनमध्ये सोन्याच्या अतिसूक्ष्म कणांचे लाल पाणी तयार केले होते. त्यात मीठ पडले, की ते निळे होई, असे त्यांनी १८५७ साली नोंदवले. सोने तेच, फक्त कण एकत्र आले होते. कणांवरचा सारखा विद्युतभार त्यांना दूर ठेवतो आणि मीठ त्या भाराचा जोर काढून घेते, हा उलगडा पुढे झाला.

आता हे कण मोजायचे कसे? एका रूढ पद्धतीत द्रवावर लेसरचा झोत टाकतात आणि विखुरलेल्या प्रकाशाच्या लुकलुकण्यावरून कणांची चाल ओळखतात. लहान कण चपळ, मोठा सुस्त. पण गोम अशी, की विखुरलेला प्रकाश व्यासाच्या सहाव्या घाताने वाढतो. १०० नॅनोमीटरची एक घट्ट गुठळी १० नॅनोमीटरच्या सुमारे दहा लाख कणांइतकी चमकते! मूठभर गुठळ्या साऱ्या गर्दीला झाकून टाकतात.

आमच्या बँकेत कोऱ्या नोटांचे पुडके कॅशियर आधी फडफडवून मोकळे करीत. दोन चिकटलेल्या नोटा एक म्हणून गेल्या, तर संध्याकाळी रोकड जुळत नसे. इथे मात्र प्रश्न रोकडीचा नाही, जिवाचा आहे. उन्हापासून बचाव करणाऱ्या काही मलमांत टायटॅनियम डायऑक्साइडचे नॅनोकण असतात. अशा कणांचा पेशींवर काय परिणाम होतो, हे तपासताना प्रत्यक्षात गुठळ्याच घातल्या गेल्या, तर निघालेला निष्कर्ष नेमका कशाविषयीचा?

यासाठी २०१० ते २०१३ या काळात युरोपातील 'नॅनोजीनोटॉक्स' प्रकल्पाने एक ठरावीक कृती घालून दिली. भुकटी आधी किंचित अल्कोहोलने भिजवायची, अल्ब्युमिन हे प्रथिन घातलेल्या पाण्यात मिसळायची आणि १६ मिनिटे श्राव्यातीत ध्वनिलहरींनी घुसळायची. भांडे मात्र बर्फात, कारण घुसळताना ते तापते. सुट्या झालेल्या कणांवर प्रथिनाचे अस्तर बसते, म्हणून ते लगेच पुन्हा चिकटत नाहीत.

अतिरेकही नको. फार वेळ घुसळले, तर दांडीच्याच धातूचा चुरा नमुन्यात उतरतो. शिवाय सगळ्या गुठळ्या मोडण्याजोग्या नसतात. काही कण भट्टीतच एकजीव झालेले असतात. त्यांची ताटातूट करण्याचा हट्ट धरण्यात अर्थ नाही.

म्हणून नुसता आकडा पुरेसा नाही. कोणत्या द्रवात, किती वेळ, कसे सुटे करून मोजले, हेही त्याच्या शेजारी लिहिलेले हवे. यंत्र खोटे बोलत नाही. समोर ठेवले तेच ते मोजते. समोर काय ठेवायचे, हे मात्र माणसानेच पाहायचे असते.