हलगी : कातडे आणि विटाळ

सेलू तालुक्यातले आमचे वालूर बारवांसाठी ओळखले जाते. गावाच्या हलगीची नोंद मात्र कुणी घेत नाही. पोळा असो, वरात असो की प्रेतयात्रा, हलगी पुढे आणि गाव मागे. देवळाच्या पायरीशी हा क्रम उलटा होई. गाव आत, हलगीवाला बाहेर. माझ्या आजोबांनी ही पायरी जन्मभर बाहेरूनच पाहिली.

प्रथम वाद्य समजून घेऊ. लाकडाचे किंवा लोखंडी पट्टीचे कडे आणि त्यावर एका बाजूने ताणलेले शेळीचे कातडे, एवढाच पसारा. हलगी डाव्या खांद्याला अडकवतात. उजव्या हातातले आखूड टिपरू मध्यावर पडले की घुमारा उठतो. डाव्या हातातली लांब बारीक काडी काठाशी कडकडते. ओल्या हवेत कातडे सैलावते, म्हणून पालापाचोळा पेटवून शेकतात. किती शेकायचे ते टिचकी मारून कानाने ठरवायचे. जास्त झाले की फाटले. हे शास्त्र मांगवाड्यात बापाकडून मुलाकडे गेले. त्याला शास्त्र म्हणण्याची तसदी कुणी घेतली नाही.

कातड्याला विटाळ असतो, असे आम्हाला सांगितले गेले. मग देवळातल्या कीर्तनात वाजणाऱ्या पखवाजाला काय रेशीम लावलेले असते? तेही कातडेच. म्हणजे विटाळ वस्तूला नव्हता, तो माणसाला चिकटवलेला होता.

याच कुळातले वाद्य कुर्द लोकांत आहे. इराण, इराक, तुर्कस्तान व सीरिया या चार देशांत हा समाज विखुरला आहे. त्यांचा दफ आपल्या हलगीहून मोठा. कड्याच्या आतून धातूच्या कड्या लोंबतात, आणि तो काडीने नव्हे, बोटांनी वाजवतात. कादिरी पंथाच्या खानकाहांत जिक्राच्या वेळी दफ घुमतो. तेथे तो पूज्य आहे. गेल्या काही दशकांत सनंदजच्या बिजन कामकारांसारख्या वादकांनी तो मैफलीत आणला. तेच कडे, तेच शेळीचे कातडे. तेथे प्रार्थनेच्या मध्यभागी आणि येथे उंबऱ्याबाहेर! तमिळनाडूत तर 'परै' या ढोलाच्या नावावरून एका जातीचे नाव पडले आणि त्यातूनच इंग्रजीत बहिष्कृतासाठी 'पराया' हा शब्द गेला.

बलुत्याचे ओझे म्हणून हलगी टाकून द्यावी, असे आमचे काही कार्यकर्ते म्हणतात. त्यांचा संताप खरा आहे, पण मला हे पटत नाही. टाकायची ती वेठ. १९४४ साली अमर शेख व द. ना. गवाणकर यांच्यासह लाल बावटा कलापथक उभारणाऱ्या अण्णा भाऊ साठे यांनी डफाच्या तालावर कामगारांना जागे केले. ते कुणाच्या हुकमावरून नव्हे.

आता फायबरच्या पडद्याच्या हलग्या आल्या आहेत. नटबोल्टने ताणायच्या, शेकण्याची गरज नाही. कातडेच उरले नाही. तरी वरातीत जेवायची पाळी आली की वाजवणाऱ्यांची पंगत वेगळी बसवणारे लोक आहेत. १४ एप्रिलच्या मिरवणुकीत मनापासून वाजवणारी आमची पोरे अशा लग्नाची सुपारी घेताना आता दोन गोष्टी आधी विचारतात : पैसे किती आणि पंगत कुठे?