टर्म चौथी

रात्री लॅपटॉपवर ईटीसीडीचे पाच नोड चालू केले. कुबरनेटीस आपल्या क्लस्टरची सगळी नोंदवही ज्यात ठेवतं, तेच हे सॉफ्टवेअर. पाचही प्रती सारख्या, वरून नेमणारं कुणी नाही, तरी क्षणात एक लीडर झाला. लॉगमध्ये टर्म २; टर्म म्हणजे दर निवडणुकीला वाढणारा आकडा. लीडर अचानक गेला तर काय होतं ते बघायचं होतं. नीट बंद केला तर तो जाता जाता पद दुसऱ्याकडे सोपवतो, म्हणून सरळ किल मायनस नाइन, म्हणजे जागीच ठार.

उरलेले चौघे लगेच हलले नाहीत. लीडर दर १०० मिलिसेकंदांनी हार्टबीट पाठवतो. ती थांबली की किती कळ काढायची हे प्रत्येकाने एक ते दोन सेकंदांच्या दरम्यान, फासा टाकावा तसं, आपापलं ठरवलेलं असतं. ज्याचा धीर आधी सुटेल तो उमेदवार. आला, तीन मतं मिळाली, टर्म ३.

मत देण्याचे नियम कडक. एका टर्मला एकच मत, आधी मागेल त्याला. पण ज्याची वही आपल्या वहीपेक्षा मागे असेल त्याला नाही. दिलेलं मत आधी डिस्कवर लिहायचं, मगच कळवायचं. नाहीतर मध्येच रीस्टार्ट झालेला नोड विसरून दुसऱ्यांदा देऊन बसेल.

स्टॅनफर्डच्या डिएगो ओंगारो आणि जॉन ऑस्टरहाउट यांचा हा राफ्ट अल्गोरिदम, २०१४चा. त्यांच्या निबंधातली एक कबुली मला फार आवडते. आधी त्यांनी उमेदवारांना क्रमवारी लावली होती: वरच्या क्रमांकाचा दिसला की खालच्याने माघार घ्यायची. पण वरचाच बंद पडला तर? खालच्याने पुन्हा उभं राहायची घाई केली की होत आलेली निवड मोडायची. एक ठिगळ लावलं की दुसरीकडे उसवायचं. शेवटी ज्येष्ठता सोडून ते फाशावर आले.

आता नव्या लीडरला मारलं नाही, नुसतं गोठवलं. चहा होईपर्यंत उरलेल्या तिघांनी टर्म ४ चा लीडर निवडला होता. गोठलेल्याला सोडलं. तो स्वतःला अजून लीडरच समजत होता. समोरून मोठा टर्म आकडा आला आणि वाद न घालता फॉलोअर झाला.

मग लीडर धरून दोघांना मारलं. राहिले दोन. ते खरी निवडणूक लावतच नाहीत, आधी चाचपणी करतात: उभा राहिलो तर मत द्याल? लॉगमध्ये प्री-कँडिडेट, पुन्हा प्री-कँडिडेट. दोघांची मतं दोनच, पाचांच्या बहुमताला लागतात तीन. आकडा ४ वरून हलेना. दहा मिनिटं बघत बसलो, मग बंद पडलेला एक नोड चालू केला. टर्म ५.