चिंचवडच्या रुळांवरून वाफेचं इंजिन इतक्या लवकर का गेलं?

वाफेचं हेरिटेज इंजिन स्टेशनवर आलं की पहिला प्रश्न ठरलेला असतो: "किती सालचं?" 'फेअरी क्वीन' असेल तर उत्तर १८५५. विषय संपला. संशोधनाचा प्रश्न असा एका आकड्यात संपत नाही. आपल्याच लाइनचं उदाहरण बघूया.

चिंचवड, पिंपरी ज्या खंडाळा-पुणे मार्गावर आहेत, तो १८५८ मध्ये सुरू झाला. १९३० च्या सुमारास त्यावर विजेच्या तारा आल्या. देशात इतरत्र मात्र वाफेची इंजिनं १९९० च्या दशकापर्यंत धावत होती. मग इथेच एवढी घाई का?

पहिलं गृहीतक: बोर घाट. तिथे चढ ३७ ला १ आहे, म्हणजे ३७ मीटर पुढे गेलं की १ मीटर वर. ५०० टनांची गाडी चढवायची तर नुसत्या गुरुत्वाकर्षणाविरुद्ध ५०० ÷ ३७, म्हणजे सुमारे साडेतेरा टन वजनाइतकं बल लागतं. वाफेच्या इंजिनाची ताकद त्याचा बॉयलर किती वाफ बनवतो यावर अडते. शिवाय कोळसा-पाण्याचं ओझं स्वतःच वाहायचं. विजेच्या इंजिनाला ताकद तारेतून मिळते.

पटलं? थांबा. पटणं म्हणजे सिद्ध होणं नाही. गृहीतक खरं असेल तर दुसरीकडेही तेच दिसायला हवं. थळ घाटाचा चढही ३७ ला १. तिथेही तारा १९३० च्या सुमारासच आल्या आणि घाटमाथ्यावर, इगतपुरीला थांबल्या. पुढे भुसावळकडे गेल्या त्या १९६० च्या दशकात. गृहीतक पास!

आता खरी गंमत. बोर घाटाचा माथा लोणावळ्याला संपतो. या हिशेबाने तारा तिथेच थांबायला हव्या होत्या. पण त्या चिंचवडवरून थेट पुण्यापर्यंत आल्या, आणि तिथे थांबल्या. दौंडकडे गेल्या त्या या शतकात. म्हणजे लोणावळा-पुणे हा साधारण ६४ किलोमीटरचा तुकडा एकट्या चढाने समजत नाही.

इथे दुसरं गृहीतक मांडा: मुंबई-पुणे प्रवासी वाहतूक. डेक्कन क्वीन १ जून १९३० लाच सुरू झाली, हा एक धागा. किंवा तिसरं: लोणावळ्याला इंजिन बदलण्यात जाणारा वेळ. दोन्हींसाठी वेगळे पुरावे लागतील: एकासाठी प्रवासीसंख्या, दुसऱ्यासाठी जुनी वेळापत्रकं.

पीएचडीचा विषय शोधताना हेच करा. गृहीतक जिथे बसतं तिथे खूश होऊ नका. जिथे बसत नाही तो तुकडा पकडा. तुमचा प्रबंध बहुतेक तिथेच असतो.