पत्ता न विचारणारी वर्षं

परवा माझ्या नेहमीच्या वाचनातल्या एका संकेतस्थळानं आपलं फीड बंद केलं. आता तिथे चौकट उगवते: ईमेल द्या, ताजे लेख मिळवा. लेखाआधी पत्ता मागायचा, ही आता रीतच झाली आहे.

फीड ज्यावर चालतं त्या आरएसएसचा जन्म १९९९ मधला, नेटस्केप कंपनीतला. भारतात जन्मलेले रामनाथन गुहा हे त्याच्या जनकांपैकी एक. पुढची काही वर्षं आवृत्त्यांच्या भाऊबंदकीत गेली. डेव्ह वायनर यांची २.० आवृत्ती २००२ मध्ये आली, प्रतिस्पर्धी ॲटम २००५ मध्ये प्रमाणित झालं. वाचणाऱ्याला त्या भांडणाशी कधीच देणंघेणं नव्हतं.

खरी मजा ऑक्टोबर २००५ नंतरची, गूगल रीडर आल्यावरची. संकेतस्थळ नव्या लेखांची एक साधी फाइल ठेवायचं, रीडर ठरावीक वेळानं ती तपासायचा आणि नवं काही असलं तर पुढ्यात मांडायचा. बातम्या, क्रिकेट, नुकतंच युनिकोडमध्ये रुळू लागलेलं मराठी लेखन, सगळं एका पानावर. ‘जे’ कळ दाबत पुढे सरकायचं. न वाचलेल्यांचा आकडा हजारापुढे गेला की ‘सगळं वाचलं’ म्हणून मोकळं व्हायचं. त्याचा हिशेब कुणी ठेवत नव्हतं. कंटाळा आला की यादीतून नाव काढायचं. ‘का सोडून जाताय?’ असं विचारायला कुणी यायचं नाही, कारण तुम्ही आला होतात हेच मुळी संकेतस्थळाला ठाऊक नसायचं.

गूगलनं हा रीडर टप्प्याटप्प्यानं मारला. २०११ मध्ये मित्रांना लेख दाखवायची सोय काढून तिथे आपल्याच गूगल प्लस या समाजमाध्यमाचं बटण बसवलं. मार्च २०१३ मध्ये वापर घटल्याचं कारण देत बंदची घोषणा केली आणि १ जुलैला टाळं लावलं. ज्या प्लससाठी हा बळी दिला, तेही २०१९ मध्ये गेलं. आणखी एक गंमत कुणी फारशी सांगत नाही. रीडरच्या अखेरच्या आठवड्यांतच जीमेलनं इनबॉक्सचे कप्पे पाडले. म्हणजे फीडमधून उठवलेला वाचक ईमेलकडे वळला, तेव्हा त्याच कंपनीनं त्याची पत्रं ‘प्रमोशन्स’मध्ये, साड्यांच्या सेलशेजारी टाकायला सुरुवात केली होती.

ईमेलची बाजूही खरी आहे. ईमेल कुण्या एका कंपनीच्या मालकीचं नाही, ते सर्वांना वापरता येतं आणि लेखकाची यादी लेखकाकडेच राहते. न्यूजलेटरवर काहींचं घर चालतं, ते चालावंच. पण पुष्कळ न्यूजलेटरांत न दिसणारं एक चित्र लपवलेलं असतं. पत्र उघडलं की तिकडे नोंद होते. वाचन ही खासगी गोष्ट होती, तिची हजेरी झाली. शिवाय बँकेचा ओटीपी, वीजबिल आणि कवितेवरचा लेख एकाच रांगेत उभे. अशा गर्दीत लेख वाचला जात नाही, निकालात काढला जातो.

फीड जुनं झालं, असं सांगणाऱ्यांनी पॉडकास्ट कशावर चालतात ते पाहावं: त्याच आरएसएसवर. वर्डप्रेसवरच्या संकेतस्थळाला तर फीड आपोआप मिळतं. ते बंद करायला मुद्दाम खटपट करावी लागते. ती खटपट करणाऱ्यांनी निदान वाचकांच्या सोयीचं कारण सांगू नये.